डोळा लागला तेव्हा

डंडीच्या बसस्थानकात, सतरा नंबरच्या खांबापाशी,
सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी
इशबेल गेडिसचा डोळा लागला
आणि समोरच्या बाकावरून एका पोराने
आपला डोळा काचेला लावला.
एवढंच घडलं.

बाकीचं सगळं मागाहून :
दाराएवढा कागद, काळी चौकट,
तागाच्या जुन्या गिरणीत भरलेलं प्रदर्शन,
दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस,
आणि खाली टाइप केलेली चिठ्ठी : एकाकी.

मी तिथला राखणदार.
एक खुर्ची, एक किल्ल्यांचा जुडगा, घोट्यांना चोळायचं मलम.
वाट्याला दोनच वाक्यं :
हात लावू नका.
आत फोटो काढायला मनाई आहे.

गुरुवारी दुपारी ती आली.
भिंतीवरच्या इतर माणसांकडे बघितलंसुद्धा नाही,
सरळ स्वतःपुढे जाऊन उभी राहिली,
पोस्टाच्या खिडकीपुढे उभं राहावं तशी.
कोट तोच. हिरवा, दुसरं बटण तपकिरी.
मी आधी बटण ओळखलं, मग बाई.

बराच वेळ गेला.
मग माझ्याकडे वळून म्हणाली,
जणू चिठ्ठी मीच लिहिली होती :
"एकाकी नव्हते हो. झोप आली होती.
वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात रात्रभर चाळीस चादरी,
त्यातल्या अकरा दोनदा.
घरी नवरा, बहीण, बहिणीचे जुळे,
आणि माझ्याच उशीवर झोपणारा कुत्रा.
बस चुकली आणि अर्धा तास
माझा एकटीचा झाला.
किती सुखात होते मी!"

मी पुन्हा फोटोकडे पाहिलं.
तीन आठवडे रोज पाहत होतो, रोज गलबलत होतो
त्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून.
झोपेत चेहरा पडतोच.
चिमटा निघाला की दोरीवरचा कपडा पडतो, तसा.
हे मला कुणी सांगायला हवं होतं?

पोरगा वाईट नाही. रुअरी त्याचं नाव.
उद्घाटनाला माझ्यासाठीही त्याने केक बाजूला काढून ठेवला होता.
रस्ता सगळ्यांचा, म्हणाला, नजरेला कुंपण नसतं.
कायदाही मान डोलावतो.
आणि विचारलं असतं तर ती जागी झाली असती;
जागी झाली असती, तर फोटो कशाचा?
यावर माझ्याकडे उत्तर नाही. अजूनही नाही.

तिने पिशवीतून मोबाइल काढला.
"नवऱ्याला दाखवते. त्याचा विश्वास बसायचा नाही."
आणि माझं तोंड, सवयीने :
"आत फोटो काढायला मनाई आहे."
"का बरं?"
"हक्क राखून ठेवलेत."
"कुणाचे?"

मी चिठ्ठीकडे बघत राहिलो.
तिथे त्याचं नाव होतं, कागदाचा प्रकार होता,
चौकटीची किंमत होती.

ती भांडली नाही. मोबाइल ठेवून दिला.
"पाय भरून आलेत. टेकू का जरा?"
मी खुर्ची दिली. रात्रपाळीवरून तशीच आली होती,
हातांना अजून साबणाचा वास.
पाच मिनिटांत मान कलली, तोंड किंचित उघडं,
वर चौकटीत होतं अगदी तसंच.

तेवढ्यात एक जोडपं आत आलं.
दोघांनी वर पाहिलं, खाली पाहिलं,
एकमेकांना कोपराने ढोसलं.
त्याने मोबाइल उचलला. हसत होता,
वाईट हसत नव्हता, नवल वाटून हसत होता.

मी मध्ये जाऊन उभा राहिलो.
तेच वाक्य म्हणालो, हळू, तिला जाग येऊ नये म्हणून.
बारा वर्षं पाठ होतं ते;
त्या दिवशी शब्द शोधावे लागले.

साडेचारला दिवे मालवायचे असतात.
तिच्या डोक्यावरचा तेवढा लगेच मालवला,
बाकीचे पावणेसहाला.